‘वर बोला’ म्हणजे कुणाशी बोलायचं?
वाचकांचे प्रश्न : सरकारी मानसिक आरोग्य सेवा

प्रश्न : धाकटा भाऊ दीड महिन्यापासून सरकारी मनोरुग्णालयात आहे. नको म्हणत असतानाही त्याचं डोकं भादरलं. वॉर्डात विचारलं की ‘वर बोला’ एवढंच उत्तर मिळतं. वर म्हणजे कुणाशी? (भांडुप)

या पायऱ्या कायद्यातच ठरवून दिल्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम २८ प्रमाणे पहिली तक्रार रुग्णालयाच्या प्रमुखांकडे, समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे करायची. सक्तीने डोकं भादरायला कलम २० ची मनाई आहे, त्यामुळे हा मुद्दा आधी लिहा. ‘काळजी घेत नाहीत’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. वॉर्ड, तारीख, वेळ, केसपेपरचा नंबर आणि काय घडलं हे एका पानात मांडा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक-शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी तक्रारीचा पुढे मागमूस राहत नाही.

मला मात्र जास्त खटकतो तो तुमचा ‘दीड महिना’. भाऊ स्वतःच्या संमतीने दाखल झाला असेल तर गोष्ट वेगळी. कुटुंबाच्या अर्जावर, कलम ८९ खाली दाखल केलं असेल, तर ती मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. शिवाय दाखल केल्याची खबर मंडळाला ७ दिवसांत द्यावी लागते. रुग्ण महिला किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० लागतं : दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी. तो कागद मागा. कागदच नसेल, तर माणूस कुठल्या आधारावर आत आहे, हा प्रश्न त्याच दिवशी मंडळापुढे गेला पाहिजे. यात चालढकल होऊ देऊ नका.

भाऊ सही करू शकत असेल तर साध्या कागदावर त्याच्याकडून तुमचं नाव ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ (म्हणजे त्याच्या वतीने अर्ज-तक्रार करू शकणारी व्यक्ती) म्हणून लिहून घ्या. पुढचे सगळे अर्ज त्यामुळे सोपे होतात.

प्रश्न : आईच्या गोळ्या महापालिकेच्या रुग्णालयात सारख्या संपतात. ‘बाहेरून आणा’ म्हणतात. मंत्रालयात पत्र दिलं, काहीच झालं नाही. (परळ)

पत्र बहुधा चुकीच्या दारात गेलं. केईएम, नायर, शीव ही रुग्णालयं महापालिकेची. जे. जे. वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार मनोरुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची. मंत्रालयात दिलेला कागद या विभागातून त्या विभागात फिरत राहतो आणि गोळी काही मिळत नाही.

आधी डॉक्टरांकडून केसपेपरवर ‘औषध उपलब्ध नाही’ असं तारखेसह लिहून घ्या. हाच तुमचा पुरावा. मग त्याच रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘औषध का नाही’ असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. त्या एका गोळीच्या गेल्या सहा महिन्यांच्या साठा नोंदवहीची प्रत, मागणीपत्रं आणि पुरवठा आदेश मागा. या तीन कागदांच्या तारखा शेजारी ठेवल्या की मागणी उशिरा गेली, आदेश रखडला की पुरवठादाराने माल दिला नाही, हे स्पष्ट दिसतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. रुग्णालयाच्या प्रमुखांकडे तक्रार देताना मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १८ चाही उल्लेख करा : शासनाच्या किंवा शासन-निधीवरच्या रुग्णालयांत, ग्रामीण रुग्णालयापासून वरपर्यंत, अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं कायम मोफत मिळायला हवीत.

हे सगळं होईपर्यंत आईच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नका. एक-दोन दिवसांचा साठा उरला असतानाच ओपीडीत जा आणि पर्यायी औषध डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. शेजाऱ्याच्या घरातली ‘तशीच’ गोळी देऊ नका. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

प्रश्न : मंडळाकडे जायला वकील लागतो का? खर्च किती? (कांदिवली)

शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. आत दाखल असलेला रुग्ण विशेष परिस्थितीत मंडळाला तोंडी किंवा फोनवरूनही अर्ज करू शकतो. वॉर्डात हे कुणी सांगत नाही, म्हणून भेटीच्या वेळी तुम्ही सांगा. सर्वसाधारण अर्ज ९० दिवसांत निकाली निघावा, असं कायदा म्हणतो. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.