तेलाची टाकी असलेलं घर भाड्याने घेण्याआधी

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या गावात १२० चौरस मीटरचं जुनं घर स्वस्तात मिळतंय, फक्त हीटिंग तेलावर आहे, तर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण आधी हिशेब मांडा. जाहिरातीत दिसतं ते 'काल्टमीटे', म्हणजे हीटिंग वगळून भाडं. स्वतंत्र घर असेल तर तेल बहुधा भाडेकरूलाच भरावं लागतं.

असं घर वर्षाला साधारण २,००० लिटर तेल पितं. त्याचं बिल महिन्यामहिन्याला विभागून येत नाही. टँकर येतो, ड्रायव्हर रस्त्यावरून जाड पाइप ओढत आणून भिंतीतल्या तोंडाला जोडतो आणि एका फेरीत अख्ख्या हिवाळ्याचे पैसे जातात. नुकतंच डिपॉझिट आणि फर्निचर भरलेल्या कुटुंबाला हे फार जड जातं. म्हणून घर बघायला जाल तेव्हा तळघरात नक्की उतरा. टाकीतली पातळी बघा, फोटो काढा, उरलेलं तेल कोणाचं हे करारात लिहून घ्या. बॉयलरच्या पाटीवरचं सालही वाचा. घराचा ऊर्जा दाखला, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते ते सांगणारा कागद, घर दाखवतानाच समोर ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. मागायला संकोचू नका.

आता आपल्या बऱ्याच लोकांच्या हातून सुटणारी गोष्ट. तेलावर कार्बनशुल्क आहे: २०२१ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २५ यूरो होतं, २०२५ मध्ये ५५ झालं. २,००० लिटर जाळलं की सुमारे ५.३ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २०२५च्या दराने व्हॅट धरून साडेतीनशे यूरोंच्या आसपास. १ जानेवारी २०२३ पासून हा भार मालक आणि भाडेकरूत वाटला जातो. घरातून उष्णता जितकी जास्त गळते, तितका मालकाचा वाटा मोठा; कायद्यात त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. तुमच्या घराचं उत्सर्जन वर्षाला चौरस मीटरमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड येतं, त्या पायरीवर ७० टक्के मालकाचे. पण तेल तुम्ही स्वतः मागवत असाल, तर हे पैसे आपोआप मिळत नाहीत. बिल आल्यापासून १२ महिन्यांत मालकाकडे मागावे लागतात. शुल्काचा आकडा तेलाच्या बिलावर छापलेला असतो, ते बिल जपून ठेवा. हा तुमचा हक्क आहे. भाषा येत नाही म्हणून सोडू नका.

तेल हळूहळू जाणारच. २०२४च्या कायद्यात तेल-गॅसच्या बॉयलरची अखेरची तारीख ३१ डिसेंबर २०४४ ठेवली गेली. त्यावरून राजकारण तापलेलंच असतं. तुमच्यासाठी खरा प्रश्न आहे, तुम्ही राहत असताना मालक हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र, बसवणार का. 'भाडं वाढेल' या भीतीने मन बिथरू देऊ नका. हीटिंग बदलल्याबद्दलच्या भाडेवाढीला चौरस मीटरला महिना ५० सेंटची मर्यादा आहे, म्हणजे तुमच्याकडे जास्तीत जास्त ६० यूरो.

मला विचाराल तर याच बजेटमध्ये हीट पंपचा किंवा डिस्ट्रिक्ट हीटिंगचा (एका केंद्रातून पाइपने अनेक घरांना उष्णता पुरवणारी सोय) फ्लॅट मिळत असेल तर तो घ्या, दोन खोल्या कमी असल्या तरी. नसेल मिळत, तर हेच घर घ्या, मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलात तर टाकी रिकामी मिळणार नाही याची मालकाकडून लेखी हमी घेऊनच सही करा.