स्मृतिभ्रंश आणि ‘शांत ठेवणारी’ गोळी : फॅमिली डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना अँटिसायकॉटिक औषधे (भास, भ्रम, आक्रमकता आवरणारी क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे) द्यावीत की नाही, याविषयी फॅमिली डॉक्टरांकडून येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आजींना रात्री झोप नाही, घरच्यांना जागरण होते. क्वेटियापिन 25 सुरू करू का?

उत्तर : केवळ झोपेसाठी करू नये. आधी दुपारची झोप किती होते, ते विचारावे.

प्रश्न : 81 वर्षांचे आजोबा परवापासून एकदम आक्रमक झाले आहेत. डोस वाढवावा का?

उत्तर : अल्झायमर दोन दिवसांत असा बळावत नाही. अचानक झालेला बदल हा डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने एकाएकी आलेला मानसिक गोंधळ, समजावा आणि त्याचे कारण शोधावे : लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, मलावरोध, न्यूमोनिया, घटलेले सोडियम, सांगता न येणारे दुखणे किंवा नुकतीच सुरू झालेली सर्दीची गोळी. ओटीपोटावर हात ठेवून पाहायला अर्धा मिनिट लागतो. कारण सापडले नाही, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. ‘सोमवारपर्यंत बघू’ असे म्हणू नये.

प्रश्न : रुग्णालयातून घरी सोडताना रिस्पेरिडोन लिहून दिली होती. वर्ष होत आले, रुग्ण शांत आहे. मग बंद कशासाठी करायची?

उत्तर : रुग्ण गोळीमुळे शांत आहे की आजार पुढे सरकल्यामुळे, हे गोळी कमी करून पाहिल्याखेरीज कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्ये 17 चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध घेणाऱ्या वृद्धांपैकी सुमारे 4.5 टक्के, तर नुसती प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांपैकी सुमारे 2.6 टक्के दगावल्याचे दिसले. मृत्यू बहुतांशी हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झाले होते. त्यावरून दिलेला इशारा आधी रिस्पेरिडोनसारख्या नव्या औषधांपुरता होता. 2008 मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला, त्यामुळे ‘जुने औषध सुरक्षित’ ही ऐकीव समजूत आता सोडून द्यावी. पक्षाघात, पडणे आणि हाड मोडणे हे धोके वेगळेच.

तरीही गोळी चालूच राहते, कारण प्रत्येक भेटीत कागदावर ‘सीएसटी’, म्हणजे आहे तेच चालू, ही तीन अक्षरे लिहिणे सोपे असते. माझ्याकडे आणलेल्या एका आजींच्या फाइलमध्ये अकरा कागदांवर ती अक्षरे होती. मूळ तक्रार, म्हणजे अंघोळीच्या वेळी मारायला धावणे, फक्त पहिल्या कागदावर होती. आजींच्या हातातली बशी इतकी थरथरत होती की निम्मा चहा पदरावर सांडला. हा गोळीचा कंप घरच्यांनी म्हातारपण समजून सोडून दिला होता.

स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याइतकी आक्रमकता असेल आणि इतर उपाय थकले असतील, तरच धोके नातेवाइकांना समजावून, रिस्पेरिडोनच्या 0.25 मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेने सुरुवात करावी आणि त्याच कागदावर फेरतपासणीची तारीख लिहावी. चार आठवड्यांत फरक न पडल्यास औषध उतरवावे. फरक पडला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून पाहावे. एकदम तोडू नये, आणि पूर्वी तीव्र लक्षणे असलेल्यांत मनोविकारतज्ज्ञांना विचारूनच हात घालावा.

प्रश्न : रिस्पेरिडोनने कंप होऊ नये म्हणून त्यात ट्रायहेक्सिफेनिडिल हे कंपावरचे औषध घातलेली एकत्रित गोळी कंपनीचे प्रतिनिधी सुचवतात.

उत्तर : ज्याची स्मृती आधीच गेली आहे, त्याला स्मृती मंदावणारे औषध सोयीच्या नावाखाली विकण्याचा हा प्रकार आहे. कंप दिसला तर मूळ गोळी कमी करावी.

प्रश्न : रुग्णाला खोलीत लहान मुले बसलेली दिसतात, चालही संथ झाली आहे. हॅलोपेरिडॉल चालेल का?

उत्तर : नाही. हा लुई बॉडी स्मृतिभ्रंश (भास आणि संथ हालचाली असलेला स्मृतिभ्रंशाचा प्रकार) असू शकतो, आणि त्यात अशा औषधाने अंग ताठरून जिवावर बेतू शकते. मुलांची रुग्णाला भीती वाटत नसेल, तर औषधाची घाईही नाही. मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

प्रश्न : सून सासऱ्यांच्या चहात गुपचूप अशाच औषधाचे थेंब घालते. काय सांगावे?

उत्तर : बाटली घेऊन यायला सांगावे. थेंब कोणी लिहून दिले, दिवसाला किती जातात आणि चहा पिताना ठसका लागतो का, हे विचारून त्याच आठवड्यात तज्ज्ञांशी बोलावे.