पाळी जाऊन ११ वर्षं झाली आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ७ मिमी, आत पाणी. आईला कॅन्सर असेल का? पिशवी काढावी का?

तुम्ही लिहिलंय की आई ६२ वर्षांची आहे. ओटीपोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात 'अस्तर ७ मिमी, पोकळीत थोडं पाणी' असं आलं. कारण कुणी सांगितलं नाही, पण पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं. मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर आहे, असे रिपोर्ट रोज लिहिते. म्हणून आधी त्या ७ बद्दलच बोलते.

अस्तराचे पुढचा आणि मागचा असे दोन थर एकमेकांना टेकलेले असतात. जाडी मोजतात ती दोन्ही थरांची मिळून. मध्ये पाणी असलं की ते वगळायचं, दोन्ही थर वेगवेगळे मोजायचे आणि बेरीज करायची. समजा एक थर २ मिमी, दुसरा २ आणि मध्ये ३ मिमी पाणी. घाईत इकडून तिकडे सरळ रेघ ओढली की ७ येतात, खरं अस्तर मात्र ४ असतं. तुमच्या आईचं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण हे विचारून घ्या. सोनोग्राफी फक्त पोटावरून झाली असेल तर योनीमार्गे पुन्हा करा. इतकी बारीक मोजमापं पोटावरून नीट मिळत नाहीत.

आता पाणी. वय झालं की गर्भाशयाचं तोंड आकसतं आणि आतल्या थोड्याशा स्रावाला बाहेर पडायला वाट उरत नाही. अस्तर पातळ आणि पाणी पडद्यावर स्वच्छ काळं असेल तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. पाणी गढूळ दिसलं तर ते रक्त किंवा पू असू शकतो, मग तपास हवाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाळी गेल्यानंतर अंगावरून कधी लाल गेलंय का? हे आईला एकांतात विचारा, आणि दोनदा विचारा. मागे एक बाई टेबलावर झोपून ठामपणे 'नाही' म्हणाल्या. उठून साडी नीट करताना म्हणाल्या, "दिवाळीआधी एकदा चहाच्या रंगाचा डाग पडला होता, ते धरायचं का?" धरायचं! गुलाबी, तपकिरी, एकदाच, कसाही डाग असला तरी तो धरायचाच. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या पाळी गेलेल्या बायकांपैकी सुमारे ९० टक्के बायकांना रक्तस्राव झालेला असतो. उलट बाजूने पाहिलं तर असा रक्तस्राव होणाऱ्या दहांतल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो, बऱ्याचदा अस्तर सुकल्यामुळेच रक्त जातं. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

४ मिमीची जी मर्यादा सगळीकडे ऐकू येते ती रक्तस्राव झालेल्या बायकांसाठी आहे. त्यांच्यातही अस्तर ४ किंवा त्याहून कमी असूनही पुन्हा पुन्हा रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. रक्तस्राव झालाच नाही अशा बाईला तीच मर्यादा लावून घाबरवणं मला पटत नाही. अशा बाईंसाठी बरेच तज्ज्ञ ११ मिमीच्या आसपास तपासाची रेषा ओढतात. त्याखाली असेल तर बाकीचं पाहायचं: वजन फार आहे का (चरबीत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन तयार होतं आणि ते अस्तर वाढवतं), मधुमेह, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन, नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, घरात कुणाला गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर. यातलं काही असेल तर ७ मिमीलाही मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे बायोप्सीबद्दल विचारायला पाठवते.

बायोप्सी म्हणजे बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेणं. काही मिनिटांचं काम, पाळीच्या वेळी येते तशी कळ येते. तोंड फार आकसलेलं असेल किंवा आत पॉलिप (अस्तरातून वाढलेला कोंब) दिसत असेल तर दुर्बिणीतून पाहतात. नुसत्या एका आकड्यावर, तुकडा न तपासता, पिशवी काढायला माझा स्पष्ट विरोध आहे. कॅन्सर निघालाच तर शस्त्रक्रिया वेगळ्या तयारीने करावी लागते, आणि नसेल तर ६२व्या वर्षी भूल आणि टाके कशासाठी?

आणि मुळात आई गेली होती पोट दुखतं म्हणून. थोड्याशा पाण्याने सहसा पोट दुखत नाही. या रिपोर्टाच्या गडबडीत ते दुखणं मागे पडलंय. लघवीची तपासणी, बद्धकोष्ठता, सोनोग्राफीत अंडाशय नीट दिसले का, हे पुढच्या भेटीत आधी विचारा.