चारशे इमेज डाऊनलोड झाल्या, आता थांब

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. म्युझियमांच्या वेबसाइटवरून तीन दिवसांत चारशे चित्रं डाऊनलोड केलीस आणि आता प्रोजेक्ट कुठून सुरू करू ते सुचत नाहीये म्हणतेस. अगं सुचणार कसं, चारशे चित्रं एकदम बघितली की एकही बघून होत नाही. त्यातलं एकच ठेव, जे डोळ्यांपुढून हलत नाही ते, आणि आठवडाभर त्याचाच पिच्छा पुरव.

म्हणजे काय करायचं ते होकुसाई या जपानी चित्रकाराच्या मोठ्या लाटेवरून, म्हणजे ‘द ग्रेट वेव्ह’ या चित्रावरून सांगते. सगळ्यांनी पाहिलेली आहे म्हणून मुद्दाम तीच घेतेय. ते हाताने रंगवलेलं चित्र नाही, लाकडी ठशांवरून कागदावर छापलेलं आहे, १८३१ च्या आसपासचं, त्यामुळे त्याच्या बऱ्याच प्रती आहेत, न्यूयॉर्कच्या मेटकडे (मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे) आहेत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे आहेत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडेही आहेत. दोन म्युझियमच्या प्रती दोन टॅबमध्ये उघड आणि डावीकडे वर चित्राचं नाव लिहिलेली उभी चौकट आहे ना, तिथे जेवढं जाता येईल तेवढं आत जा. चौकटीची रेघ कुठे सलग आहे, कुठे तुटलीय ते बघ. छापून छापून लाकूड झिजतं आणि बारीक रेघांना आधी मार बसतो, म्हणून जिच्यात रेघ जास्त तुटकी ती प्रत बहुतेक नंतर छापलेली. मग आकाश बघ, एखाद्या प्रतीत फिकट गुलाबी ढग दिसेल आणि दुसरीत तो जेमतेम असेल, कारण रंग उडालाय. हे तुला कोणी सांगावं लागत नाही, तुझं तुलाच दिसतं, आणि तिथून प्रश्न आपोआप पडायला लागतात, ही प्रत कधीची, कोणाकडे होती, उजेडात किती वर्षं टांगलेली होती. प्रोजेक्ट असाच सुरू होतो बघ.

टॅब बदलून बदलून कंटाळलीस तर आयआयआयएफ नावाची सोय शोध, लोक त्याला ट्रिपल-आय-एफ म्हणतात. बऱ्याच मोठ्या म्युझियमच्या पानावर त्याची मॅनिफेस्ट लिंक, म्हणजे त्या इमेजचा आणि तिच्या माहितीचा पत्ता मिळतो, तो मिराडोरसारख्या चित्रं बघायच्या व्ह्यूअरमध्ये टाकला की वेगवेगळ्या संग्रहांतली चित्रं शेजारी शेजारी ठेवून झूम करता येतात. पहिल्यांदा जरा डोकं खातं पण तासाभरात हात बसतो.

झूमचा एक धोका मात्र आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नाइट वॉच या चित्राचे ८,४३९ फोटो काढून ते जोडून २०२२ मध्ये ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची इमेज खुली केली, त्यात रंगाला गेलेले तडेसुद्धा दिसतात, मी पहिल्यांदा उघडली तेव्हा जेवायचं विसरले होते. पण ते चित्र पावणेचार मीटरहून उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे, आणि ती लाट जेमतेम २५ बाय ३८ सेंटिमीटर, मांडीवर मावेल एवढी. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मापं वाच आणि तेवढा कागद काप, मोठं असेल तर जमिनीवर चिकटपट्टीने आखून घे आणि त्याच्यासमोर उभी राहा. पोरखेळ वाटेल, पण कर.

आता इमेजच्या खालची माहिती, जी सगळे सोडून देतात. प्रोव्हेनन्स म्हणजे ती वस्तू कोणाकोणाच्या हातातून गेली त्याची नोंद. जुन्या युरोपियन चित्राच्या नोंदीत १९३३ ते १९४५ मधली वर्षं कोरी दिसली तर तिथे थांब, त्या काळात नाझींनी लोकांची चित्रं लुटली, जबरदस्तीने विकायला लावली, आणि म्युझियमं आजही ते दुवे शोधतायत. कोरी जागा दिसली म्हणजे चोरी झालीच असं नाही हं, पण विचारायची जागा तीच. आणि हे सगळं लिहिणारी माणसंच असतात, नोंदी चुकतात, बदलतात, म्हणून पान कधी पाहिलंस ती तारीख लिहून ठेव. शंका आली तर त्या वस्तूचा नोंदणी नंबर देऊन म्युझियमला सरळ मेल कर, लाजू नकोस.

सर्चमध्ये काही सापडलं नाही म्हणजे ते नाहीच असं समजू नको. होकुसाईने आयुष्यात तीसच्या वर नावं घेतली, एकाच नावाने शोधलंस तर बाकीचं हुकेल. कलाकारांची पर्यायी नावं अमेरिकेतल्या गेटी या कलासंस्थेच्या यूलॅन नावाच्या ऑनलाइन यादीत मिळतात, फुकट आहे.

आणि नंबर, अगं नंबर! प्रत्येक वस्तूला ॲक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहात नोंदवताना दिलेला नंबर असतो, मेटच्या एका लाटेचा जेपी१८४७ आहे. मी तुझ्या वयाची असताना दोन वर्षांच्या इमेज नुसत्या एक, दोन, तीन अशा नावांनी सेव्ह केल्या होत्या, लेख लिहायला बसले तेव्हा कुठली कुठून आणली ते सांगता येईना, अर्धा लेख काढून टाकावा लागला, ते अजून सलतं. फाइलच्या नावातच म्युझियम आणि नंबर टाक. वापरायची परवानगीही त्याच वेळी बघ, मेटने २०१७ मध्ये पब्लिक डोमेनमधल्या, म्हणजे कॉपीराइट नसलेल्या चित्रांच्या इमेज सीसी झीरोखाली, म्हणजे कोणालाही न विचारता वापरता येतील अशा मोकळ्या केल्या, पण प्रत्येक म्युझियमचा नियम वेगळा असतो.

रविवारपर्यंत तू निवडलेल्या चित्राचे दोन स्क्रीनशॉट पाठव, एक पूर्ण चित्राचा, एक तुला खटकलेल्या कोपऱ्याचा, खाली नंबर लिहून. ते काय आहे ते मला नको सांगूस, तुला काय दिसलं तेवढंच लिही.

तुझी,
ताई