थ्रीडी सोनोग्राफी केली नाही तर काही सुटेल का?

प्रश्न : मला चोविसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. विसाव्या आठवड्यातला अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का ते पाहणारी सोनोग्राफी) नॉर्मल आला. पण मैत्रिणीने तिच्या बाळाचा थ्रीडी फोटो दाखवला तेव्हापासून चैन नाही. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला गरज नाही. साध्या सोनोग्राफीत काही सुटलं तर?

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगताहेत. हृदयाचे चार कप्पे, मेंदूतल्या पोकळ्या, मणका, मूत्रपिंडं आम्ही मुख्यतः साध्या सोनोग्राफीच्या करड्या, सपाट चित्रांतच पाहतो. पुढे डोक्याचा नि पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबीही त्यांवरच मोजतो. कुठल्याच सोनोग्राफीत सगळं दिसत नाही, थ्रीडीतही नाही. थ्रीडीत मशीन अशीच अनेक चित्रं जोडून बाळाचा चेहरा उभा करतं. फोटोतला तो सोनेरी रंगही मशीनचाच.

थ्रीडीचा खरा उपयोग मी शंका आली की करते. एका आईला बाळाचा दुभंगलेला ओठ साध्या चित्रात दाखवत होते. करड्या ठिपक्यांत तिला काहीच उमगेना, ती नुसती रडत होती. थ्रीडी लावलं. नाकाखालची फट दिसली, आणि बाकीचा नीटस चेहराही. “एवढंच ना?” म्हणाली, डोळे पुसले आणि ऑपरेशन कधी करतात ते विचारू लागली. (ओठाचं ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात होतं.) मणक्यात दोष असेल तर तो नेमका कुठल्या मणक्यापासून आहे हे ठरवायलाही थ्रीडीची मदत होते.

चेहरा पाहावासा वाटतो, त्यात काही चूक नाही. २६ ते ३० आठवडे त्यासाठी बरे. मात्र चेहऱ्यासमोर पाणी हवं. बाळ तुमच्या पाठीकडे तोंड करून असेल, वार पुढे असेल किंवा गालावर हात असेल तर उत्तम मशीनवरही चेहरा नीट दिसेलच असं नाही. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात; त्यांनी बाळाला इजा झाल्याचं आढळलेलं नाही. तरी केवळ फोटोसाठी तासभर पोटावर प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) फिरवत राहणं मला पटत नाही.

वाढीची सोनोग्राफी ठरेल तेव्हा तिथेच विचारा, चेहरा दाखवाल का म्हणून. बाळ वळलेलं असेल तर दहा मिनिटं चालून या, कुशीवर झोपून पाहा. तरीही हात हलला नाही, तर त्या दिवशी तो हातच बघून घ्या. पाचही बोटं मोजता येतात.