लस टोचली, गाठ आली

प्रश्न : आमच्या चिंगीला (मांजर, वय ४) रेबीजची लस देऊन तीन आठवडे झाले. मागच्या पायावर बोराएवढी गाठ आहे. सासूबाई हळदीचा लेप लावा म्हणतात. लावू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, लेप नको. चिंगी तो चाटून टाकेल आणि गाठ तर कातडीखाली आहे. लसीनंतर अशी गाठ येते, बहुधा दुखत नाही, काही आठवड्यांत विरते. पण मांजरांत, अगदी क्वचित, त्याच जागी कर्करोग होतो. म्हणून दर रविवारी पट्टीने मोजा, कॅलेंडरवर लिहा. गाठ ३ महिन्यांनंतरही राहिली, २ सेंमीहून मोठी झाली किंवा लसीला महिना उलटूनही वाढत असली, तर यातलं एकही पुरे. डॉक्टरांकडून तिचा तुकडा तपासून घ्या. ‘आधी कापून टाकू’ असं कुणी म्हटलं तरी तपासणीआधी कापू देऊ नका. (लस पायावर दिली हे बरंच केलं, मानेवरची गाठ काढणं फार अवघड.)

घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ती विषच. तोंड सुजणं, उलट्या, धाप हे लसीनंतर काही मिनिटांत किंवा तासांत दिसतं. त्या धोक्यातून चिंगी सुटली. पुढच्या लसीच्या वेळी मात्र ही गाठ डॉक्टरांना आठवणीने सांगा.