कोड लिहिता येत नसेल, तर मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कामात मदत करता येते का?

नक्कीच येते. लिनक्स या संगणक प्रणालीवरील बहुतेक मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) 'मेसा' या 1993 साली सुरू झालेल्या प्रकल्पात आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घडतात. पण प्रत्येक जुने कार्ड विकसकांच्या टेबलावर नसते. जळगाव-धुळ्याच्या दुरुस्तीच्या दुकानांत आजही चालणारी दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रे म्हणूनच चाचणीसाठी मोलाची आहेत.

दोष आढळल्यास 'स्क्रीन बिघडते' एवढेच कळवू नये. कार्डाचे नाव, कर्नल व मेसाच्या आवृत्त्या, 'डीमेसेज' (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदी आणि दोष हमखास पुन्हा घडवण्याची कृती द्यावी. शक्य असल्यास प्रोग्रामने दिलेल्या चित्र काढण्याच्या आज्ञांची 'एपीआयट्रेस' या साधनाने केलेली, ध्वनिमुद्रणासारखी नोंदही जोडावी, म्हणजे विकसकाला तोच प्रसंग स्वतःच्या यंत्रावर पाहता येतो.

मला सर्वांत उपयुक्त वाटते ते 'गिट बायसेक्ट', म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'ची दोषी बदल शोधणारी आज्ञा. पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल, तर मधल्या बदलांचे दर वेळी निम्मे करत गेल्याने 1000 बदलांतून दोषी बदल साधारण 10 चाचण्यांत सापडतो. यासाठी मूळ कोडपासून ड्रायव्हर तयार (कंपाइल) करता यावा लागतो आणि चिकाटी लागते, सी भाषेवर प्रभुत्व नव्हे.

आपल्याकडची एक खबरदारी मात्र घ्यावी. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी कार्ड अडकून स्क्रीन थिजली (हँग झाली), तर तीच चाचणी पहाटे पुन्हा करून तापमान नोंदवावे, कारण तो दोष ड्रायव्हरचा नसून उष्णतेचा असू शकतो.